माशांसाठी पत्री

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी सदाशिव पेठेत, पेरुगेटाच्या आसपास, रस्त्याकडेला गोणपाटावर पत्रीचे वाटे लागतात. दुर्वांच्या जुड्या, बेलाची त्रिदळं, तुळशीच्या मंजिऱ्या, आघाड्याचे काटेरी तुरे, माक्याची खरखरीत पानं. गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींमधल्या या पाच. आता एक गोष्ट ऐका. या पाचही वनस्पतींची भारतातल्या प्रयोगशाळांमध्ये माशांचं किंवा कोळंबीचं औषध म्हणून परीक्षा झाली आहे, आणि पाचही त्या परीक्षेत उतरल्या आहेत.

आघाडा रोहूला. माका आणि तुळस चिलापीला. बेल सायप्रिनसला. दुर्वा कोळंबीला.

तुळस वाढते अंगणातल्या वृंदावनात आणि चिलापी पोहते उजनीच्या पाण्यात. दोघींची जन्मात गाठ पडायची नाही. मग तुळशीच्या पानात चिलापीच्या उपयोगाचं काही असावंच कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर झाडाच्या एका मोठ्या अडचणीत आहे. झाडाला पळता येत नाही. बुरशी आली, जिवाणू आले, अळी आली, तरी जिथे रुजलं तिथेच उभं राहून तोंड द्यायचं. नखं नाहीत, दात नाहीत, रक्तात फिरणाऱ्या पांढऱ्या पेशीही नाहीत. झाडाकडे आहे ते मुख्यतः रसायनशास्त्र. कोट्यवधी वर्षं झाडं नवनवी रसायनं घडवत आली. जी उपयोगी पडली, ती बाळगणारी झाडं टिकली. आपल्याला तुळशीचा जो सुगंध येतो, ओव्याचा जो तिखट झटका लागतो, लसणाचा जो उग्र वास हाताला राहतो, ती सगळी झाडांची शस्त्रं आहेत.

आणि खरी गंमत पुढेच आहे. झाडाला छळणारे जिवाणू वेगळे, माशाला मारणारे वेगळे. पण सगळ्या जिवाणूंची घडण मुळात सारखी असते. सगळ्यांभोवती मेदाचं तेच पातळ पटल, आत प्रथिनं बनवणारी तशीच यंत्रणा. म्हणून मातीतल्या शत्रूसाठी घडवलेलं शस्त्र पाण्यातल्या शत्रूलाही लागू पडतं. झाडानं माशासाठी काहीही केलेलं नाही, तरी माशाच्या कामाचं पुष्कळ करून ठेवलं आहे!

आता पाण्यात उतरू या. तळ्यातलं एक मिलिलिटर पाणी घ्या, म्हणजे साधारण वीस थेंब. त्यात सुमारे दहा लाख जिवाणू असतात. मासा हे पाणी तोंडानं आत घेतो आणि कल्ल्यांवरून सोडतो, दिवसरात्र, जन्मभर. कल्ल्यांमध्ये रक्त आणि पाणी यांच्यामध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. इतका पातळ, की पाण्यातला प्राणवायू सहज पलीकडे जातो. जो पडदा प्राणवायूला वाट देतो, तिथून रोगजंतूंना शिरायला कितीसा वेळ लागावा? म्हणजे खरं आश्चर्य मासा आजारी पडतो याचं नाही. तो एरवी धडधाकट राहतो याचं आहे.

त्या दहा लाखांच्या गर्दीत गोड्या पाण्यातला एक कुप्रसिद्ध जिवाणू हमखास असतो. त्याचं नाव एरोमोनास हायड्रोफिला. आखूड दांडीसारखा आकार, टोकाला एक शेपटी, आणि पोहण्यात पटाईत. निरोगी माशाच्या आतड्यातही तो मुकाट्यानं राहतो. पण तळ्यात दाटी झाली, उन्हाळ्यात प्राणवायू कमी पडला, जाळं ओढताना खवले निघाले, की हाच जिवाणू उलटतो. अंगावर लाल चट्टे उठतात, पर झडतात, पोट पाण्यानं फुगतं, जखमा चिघळतात. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, चिलापी, कुणालाच तो सोडत नाही. शेततळ्यात मासे पाळणाऱ्याचं वर्षभराचं पीक काही दिवसांत तो पालथं घालू शकतो.

अशा शत्रूवर वनस्पतीचं शस्त्र कसं चालतं, ते आधी लसणात पाहू. सोललेली अख्खी पाकळी हुंगून पाहा, वास जवळजवळ नाहीच. ठेचली की मात्र स्वयंपाकघर दरवळतं. असं का? पेशीत एका ठिकाणी अ‍ॅलिइन नावाचं निरुपद्रवी रसायन असतं, आणि शेजारच्या बंद कप्प्यात अ‍ॅलिनेज नावाचं विकर. दोघं एकाच पेशीत, पण एकमेकांपासून कायम अलग. अळीनं चावा घेतला किंवा आपण वरवंटा मारला, की कप्पा फुटतो, दोघं भेटतात आणि काही सेकंदांत तिसरंच रसायन तयार होतं, अ‍ॅलिसिन. चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन बेली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये ते वेगळं काढून दाखवलं. अ‍ॅलिसिन जिवाणूच्या विकरांमधल्या गंधकाच्या जागा पकडून बसतं आणि एकाच वेळी अनेक विकरं ठप्प करतं. लसूण विष साठवून ठेवत नाही. गरज पडेल त्या क्षणी ते तयार करतो. एवढ्याशा पाकळीत केवढी ही योजना!

तुळशीची तऱ्हा निराळी. तिच्या तेलात युजेनॉल असतं. तेच लवंगेत भरभरून असतं. ओव्यात थायमॉल असतं. काष्ठौषधीच्या दुकानात ‘ओव्याचं फूल’ म्हणून जे पांढरे खडे मिळतात, ते हेच. युजेनॉल आणि थायमॉल दोन्ही मेदात विरघळणारी. जिवाणूचं पटलही मेदाचंच, म्हणून ती सरळ त्या पटलात घुसतात आणि ते झिरपतं करून टाकतात. आतले क्षार बाहेर, जिवाणू निकामी. याच युजेनॉलची आणखी एक करामत आहे. लवंगेच्या तेलाची अगदी थोडी मात्रा पाण्यात मिसळली की मासा गुंगतो. त्याला मोजायचं, तपासायचं, टोचायचं काम उरकून स्वच्छ पाण्यात सोडलं, की थोड्या वेळात तो शुद्धीवर येऊन पोहू लागतो. जगभर माशांना भूल देण्यासाठी हे तेल वापरतात. मात्रा वाढली तर मात्र मासा उठत नाही.

एखादी वनस्पती जिवाणू मारते की नाही, हे ओळखायचं कसं? पद्धत इतकी सोपी आहे की पाहताना आनंद होतो. काचेच्या तबकडीत अगार ओततात. अगार हा समुद्री शेवाळापासून काढलेला घट्ट, पारदर्शक पदार्थ. त्यावर जिवाणूंचा पातळ लेप द्यायचा आणि अर्कात भिजवलेली ६ मिलिमीटरची कागदी टिकली मधोमध ठेवायची. रात्रभर उबेत ठेवलं की सकाळी तबकडीभर जिवाणूंची धुरकट साय पसरलेली दिसते. टिकलीभोवती मात्र स्वच्छ, रिकामं वर्तुळ. जिथवर अर्क झिरपला, तिथवर एकही जिवाणू वाढला नाही. अदृश्य जगातल्या लढाईचा निकाल साध्या पट्टीनं मोजता येतो!

पण त्या वर्तुळाचा आकार ठरतो अर्क कशात काढला यावर. तीच हळद पाण्यात काढली तर वर्तुळ नावापुरतं, अल्कोहोलमध्ये काढली तर चांगलं ठळक. कारण हळदीतलं पिवळं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आपल्या वैद्यकानं ही बाब फार जुन्या काळापासून जाणली आहे. चरकसंहितेत वनस्पतीचं औषध काढण्याच्या पाच रीती आहेत: स्वरस, कल्क, क्वाथ, हिम आणि फांट. पिळून काढलेला रस, वाटलेला गोळा, उकळलेला काढा, रात्रभर थंड पाण्यात भिजवलेलं आणि कढत पाण्यात टाकून गाळलेलं. याखेरीज तेलं, तुपं आणि आसवारिष्टं, म्हणजे आंबवून अल्कोहोल तयार झालेली औषधं. आजची प्रयोगशाळा पाणी, इथेनॉल, मिथेनॉल, हेक्झेन अशी द्रावकं ओळीनं मांडते, तेव्हा प्रश्न तोच असतो. या पानातलं काय, कशात उतरतं?

हळदीचंच पुढे पाहा. तळ्यात रोग दिसला की चुना आणि हळद मिसळून टाकायची, हा उपाय देशभरातल्या मत्स्यपालकांना ठाऊक आहे. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू असंच करतात. हा रंग बदलतो कारण अल्कधर्मी चुन्यात कर्क्युमिनच्या रेणूचं रूप पालटतं, आणि पालटलेलं रूप पाण्यात जास्त विरघळतं. ते टिकत मात्र फार वेळ नाही, लवकर विघटित होतं. चुना स्वतः पाण्याचा आम्लपणा कमी करतो आणि तळाच्या गाळात वाढणाऱ्या रोगजंतूंना आवर घालतो. दोन साध्या वस्तू, आणि रसायनशास्त्राचा अख्खा धडा.

इथवरची गोष्ट जिवाणू मारण्याची झाली. पण तबकडीत मासा नसतो. तबकडीत जिंकणारा अर्क माशाच्या पोटात गेल्यावर पचतो, पातळ होतो, बदलतो. म्हणून संशोधकांनी वेगळी वाट धरली. माशांच्या रोजच्या खाद्यात वनस्पती मिसळायची, काही आठवडे ते खाऊ घालायचं, आणि मगच एरोमोनास टोचून कोण तगतं ते पाहायचं. इथे खरा चमत्कार दिसला.

दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ मध्ये रोहूला आघाड्याच्या बिया दिल्या. प्रमाण किती, तर किलोभर खाद्यात जास्तीत जास्त ५ ग्रॅम. तमिळनाडूतल्या संशोधकांनी २००० मध्ये तुळशीच्या पानांचा अर्क चिलापीला टोचला होता. २००७ मध्ये माक्याच्या पानांचा पाण्यात काढलेला अर्क खाद्यातून दिला गेला, तोही चिलापीलाच. २०१० मध्ये सायप्रिनसच्या खाद्यात बेलाच्या पानांचा अर्क गेला. चारही वेळा शत्रू तोच, एरोमोनास हायड्रोफिला. चारही वेळा वनस्पती मिळालेले मासे न मिळालेल्यांपेक्षा जास्त तगले. दुर्वांनी तर आणखी कमाल केली. कोळंबीच्या तळ्यांचा सर्वांत मोठा वैरी असलेल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाविरुद्ध खाद्यातून दिलेल्या दुर्वांच्या अर्कानं कोळंबीला संरक्षण दिलं. हा रोग विषाणूचा आहे, जिवाणूचा नाहीच!

आता विचार करा. आघाड्याच्या इतक्या थोड्या बिया माशाच्या पोटात जाऊन, पचून, रक्तात अशा किती उरणार? त्यांनी अंगभर पसरलेले जिवाणू मारले, हे पटतं का? शिवाय संसर्ग तर नंतर झाला. मग वाचवलं कुणी?

माशानं स्वतःच स्वतःला वाचवलं. वनस्पतीनं त्याला आधीच सावध करून ठेवलं होतं. प्रयोगातल्या माशांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यात लायसोझाइम वाढलेलं दिसलं. लायसोझाइम म्हणजे जिवाणूची भिंत विरघळवणारं विकर. ते आपल्या अश्रूंतही असतं, आणि अलेक्झांडर फ्लेमिंगना ते पेनिसिलिनच्या आधी काही वर्षं, १९२१ मध्ये, सापडलं होतं. माशांच्या पांढऱ्या पेशीही जास्त जोमानं काम करताना आढळल्या. या पेशी जिवाणूला गिळतात आणि आत प्राणवायूपासून बनवलेली दाहक रसायनं सोडून त्याला संपवतात. वनस्पतींमधल्या काही मोठ्या, गुंतागुंतीच्या शर्करा जिवाणूंच्या पृष्ठभागावरच्या शर्करांशी मिळत्याजुळत्या असतात. माशाच्या पेशींना त्या जाणवतात आणि शरीर तयारीला लागतं. रोग आलेला नसतो, पण बंदोबस्त चोख झालेला असतो. झाडाच्या औषधाचा सर्वांत छोटा गुण म्हणजे मारणं. त्याचे मोठे गुण वेगळेच आहेत.

त्यातला आणखी एक कळला, तेव्हा शास्त्रज्ञही थक्क झाले. जिवाणू एकमेकांशी बोलतात! एकटा एरोमोनास विष सोडत नाही. सोडलं तर माशाचं शरीर सावध होईल आणि तो एकटा मारला जाईल. म्हणून तो एक छोटा रेणू पाण्यात सोडत राहतो. प्रत्येक जिवाणू असाच रेणू सोडतो. रेणू दाटले, म्हणजे आपण पुरेसे जमलो, हे सगळ्यांना एकदम कळतं, आणि मगच सगळे मिळून हल्ला करतात. लक्ष्मी रस्त्यावर ढोलपथक उभं असतं तेव्हा कुणी एकटा टिपरू मारत नाही. सगळे ओळीत येतात, ध्वजाचा इशारा होतो आणि शेकडो ढोल एकाच क्षणी कडाडतात. जिवाणूंचं अगदी असंच आहे.

हल्ल्याच्या वेळी एरोमोनास जे विष सोडतो, त्याला एरोलायसिन म्हणतात. त्याचे सात रेणू माशाच्या पेशीवर एकत्र येऊन गोल कडं करतात आणि पेशीला आरपार भोक पाडतात. आता ओव्यातल्या थायमॉलकडे परत या. चीनमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं, की जिवाणू मरणार नाहीत इतक्या कमी मात्रेतही थायमॉल या विषाची निर्मिती घटवतं आणि जिवाणूंचे चिकट थरही जमू देत नाही. ते थायमॉल दिलेले कॅटफिश जास्त संख्येनं वाचले. जिवाणू जिवंत, पण निःशस्त्र! अनेक वनस्पतींचे अर्क तर जिवाणूंच्या त्या आपापसातल्या बोलण्यातच अडथळा आणतात. इशाराच ऐकू आला नाही, तर हल्ला कोण करणार?

मात्र वनस्पती म्हणजे सौम्यच, असं मानणाऱ्यांनी मोहाची पेंड पाहावी. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरणाऱ्या या पेंडीत सॅपोनिन असतात. रिठ्याला फेस येतो तो याच गटातल्या रसायनांमुळे. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे काढायला हेक्टरी सुमारे २,५०० किलो पेंड टाकण्याची रीत आहे. सॅपोनिन कल्ल्यांतून थेट रक्तात जातात आणि तांबड्या पेशी फोडतात. दोन-तीन आठवड्यांत त्यांचा विषारीपणा ओसरतो, आणि जी पेंड मारक ठरली तीच खत होऊन तळ्यातलं सूक्ष्म अन्न वाढवते. एकाच वस्तूचं महिनाभरात विषापासून खतापर्यंत रूपांतर! म्हणून घरातल्या काचपेटीत कुणी उत्साहानं लवंगेचं तेल किंवा लसणाचा रस ओतू नये. काढा ज्या मात्रेत जिवाणूला भारी पडतो, त्या मात्रेत तो माशालाही भारी पडू शकतो.

एवढा खटाटोप कशासाठी, प्रतिजैविकं आहेत की? आहेत, पण त्यांचा हिशेब पाण्यात फार वेगळा होतो. आजारी मासा सर्वांत आधी खाणं सोडतो. म्हणजे खाद्यात मिसळलेलं औषध ज्याला हवं त्याला मिळतच नाही. ते पाण्यात विरतं, गाळात बसतं, आणि तिथल्या असंख्य जिवाणूंना त्या औषधाची सवय लागते. ही सवय जनुकांच्या रूपात एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते, आणि माशांच्या जिवाणूंपाशी थांबेल याची काही हमी नाही. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधं भारतात मत्स्यपालनासाठी बंद आहेत ती उगीच नाहीत. याउलट जे रसायन जिवाणूला मारत नाही, फक्त गप्प करतं, त्याला दाद न देणाऱ्या जिवाणूचा फारसा फायदा होत नाही. त्यामुळे प्रतिकार वाढण्याचा वेगही कमी राहील, अशी शास्त्रज्ञांची अपेक्षा आहे. आणि जी वनस्पती माशाचीच ताकद वाढवते, तिच्याविरुद्ध जिवाणू बंड करणार तरी कसं?

अडचण एकच आहे, आणि ती सोडवण्याजोगी आहे. पावसाळ्यातली तुळस आणि उन्हाळ्यातली तुळस यांत युजेनॉल सारखं नसतं. जमीन बदलली, जात बदलली, वाळवण्याची पद्धत बदलली, की गुण बदलतो. म्हणून प्रत्येक वनस्पतीची नेमकी मात्रा ठरवणं हे आता खरं काम आहे. मात्रा वाढवली म्हणजे गुण वाढतो, असंही नाही. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये रोहूच्या बोटुकल्यांना, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, ६० दिवस एक विशेष खाद्य दिलं. किलोमागे १, ५ आणि १० ग्रॅम, असे तीन गट केले. एरोमोनास टोचल्यावर सर्वांत जास्त मासे वाचले ते ५ ग्रॅमच्या गटात. १० ग्रॅमच्या नव्हे!

त्या खाद्यात काय मिसळलं होतं, ठाऊक आहे? आंब्याच्या कोयीतला गर. आमरस काढून झाल्यावर आपण जी कोय फेकतो, तिच्या आतला.

हे वाचल्यावर मन थेट रत्नागिरीला जातं. तिथे हापूसचा रस डबाबंद करणारे कारखाने आहेत, आणि प्रत्येक हंगामाबरोबर कोयींचे ढीग आहेत. त्याच रत्नागिरीत शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, आणि राज्यभर गोड्या पाण्याची शेततळी आहेत, ज्यांत बोटुकल्या सोडल्या जातात. कोय आणि बोटुकली यांच्यात आता उरलंय ते वाळवणं, फोडणं, दळणं आणि किलोला ५ ग्रॅम मोजून घालणं. यातलं कुठलंच काम कोकणातल्या माणसाला नवं नाही.